शोध लागला की चर्चमध्ये नेमकं काय घडतं?

सोलापुरात गड्ड्याची यात्रा मकर संक्रांतीला भरते, म्हणजे १४ किंवा १५ जानेवारीला. संक्रांतीपासून उत्तरायण सुरू होतं, असं आपण लहानपणापासून ऐकतो. प्रत्यक्षात सूर्य उत्तरेकडे सरकू लागतो तो २१-२२ डिसेंबरलाच. मधले हे तेवीस-चोवीस दिवस आले कुठून? आपली संक्रांत ताऱ्यांच्या हिशेबाने धरली जाते आणि ऋतू चालतात ते ऋतुवर्षाने. या दोन वर्षांच्या लांबीत सुमारे २० मिनिटांचा फरक आहे. तो साठत साठत ७० वर्षांत एक दिवस होतो. सुमारे १७०० वर्षांपूर्वी दोन्ही गोष्टी एकाच दिवशी येत होत्या. पंचांग करणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक असतं, तरी यात्रेचे नंदीध्वज संक्रांतीलाच निघतात आणि त्यात कुणाचं काही अडत नाही.

युरोपातल्या चर्चपुढे हाच प्रश्न ईस्टरच्या रूपाने आला, आणि तिथे मात्र अडलं. येशूच्या पुनरुत्थानाचा हा सण २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेच्या पुढच्या रविवारी येतो. सर्वांनी तो एकाच दिवशी पाळावा, असं इ. स. ३२५ मध्ये नायसियाच्या परिषदेत ठरलं. २१ मार्च हा दिवस-रात्र समान असण्याचा दिवस धरला गेला. पण त्या वेळचं ज्युलियन कॅलेंडर वर्ष ३६५.२५ दिवसांचं मानायचं आणि खरं ऋतुवर्ष आहे ३६५.२४२२ दिवसांचं. फरक वर्षाला ११ मिनिटांचा, म्हणजे १२८ वर्षांत एक दिवस. सोळाव्या शतकापर्यंत १० दिवस साठले. आकाशात दिवस-रात्र ११ मार्चला समान व्हायची आणि चर्च २१ तारखेची वाट पाहत बसायचं.

पोप तेरावे ग्रेगरी यांनी समिती नेमली. अलोयसियस लिलियस या वैद्याने तोडगा मांडला होता. क्रिस्टोफर क्लॅव्हियस या जेझुइट संघातल्या गणितज्ञ धर्मगुरूने तो तपासून पुढे नेला. १५७७ मध्ये आराखड्याचा सारांश राजदरबारांना आणि विद्यापीठांना पाठवून मतं मागवली गेली. २४ फेब्रुवारी १५८२ ला फर्मान निघालं आणि त्या वर्षी ४ ऑक्टोबरच्या दुसऱ्या दिवशी १५ ऑक्टोबर उजाडला. पुन्हा घोळ होऊ नये म्हणून शतकाच्या वर्षांपैकी ४०० ने भाग जाणारीच लीप धरायची, असा नियम झाला. म्हणून २००० लीप होतं, १९०० नव्हतं. आज आपल्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेतल्या इंग्रजी तारखा याच हिशेबावर चालतात.

ज्युलियन वर्ष लांब आहे, हे जाणकारांत सगळ्यांनाच मान्य होतं. भांडण झालं ते हुकूम कुणाचा यावर. इटली, स्पेन, पोर्तुगाल आणि पोलंडने लगेच बदल केला. जर्मनीतल्या प्रॉटेस्टंट संस्थानांनी १७०० साल उजाडू दिलं, इंग्लंडने १७५२. तोवर फरक ११ दिवसांचा झाला होता, म्हणून तिथे २ सप्टेंबरनंतर एकदम १४ तारीख आली. रशियन ऑर्थोडॉक्स चर्च सणांसाठी अजून ज्युलियन हिशेबच पाळतं. त्यांचा २५ डिसेंबर आपल्याकडच्या ७ जानेवारीला येतो.

चर्च आणि विज्ञान म्हटलं की आपल्याला एका बाजूला दुर्बीण आणि दुसऱ्या बाजूला तुरुंग दिसतो. पण कॅलेंडरच्या प्रकरणात खगोलशास्त्राची गरज चर्चलाच होती. तिथलं गणित आधी सुटलं, अधिकाराचा प्रश्न मागे राहिला. म्हणून एखादा शोध चर्चने स्वीकारला की नाकारला, एवढंच विचारून भागत नाही. त्या शोधाला चर्चची कोणती गोष्ट बांधलेली होती आणि ती गाठ सोडायचा अधिकार कुणाकडे होता, हे पाहावं लागतं. गाठ नुसती आचाराची असेल, म्हणजे सण, घंटा, पेला, तर ती बहुधा लवकर सुटते. बायबलमधल्या एखाद्या वचनाच्या अर्थाची असेल तर वेळ लागतो. माणूस म्हणजे कोण, या शिकवणीची असेल तर ती अर्धीच सुटते आणि अर्धी तशीच राहते.

वचनाचा अर्थ आणि आकाश

बायबलचा शब्द आणि डोळ्यांना दिसणारं जग यांत विरोध दिसला तर काय करावं, हा प्रश्न गॅलिलिओच्या कितीतरी आधीचा. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला उत्तर आफ्रिकेतले बिशप ऑगस्टीन यांनी ‘उत्पत्ती’च्या पुस्तकावर भाष्य करताना बजावलं होतं की, आकाश, तारे, ग्रहणं यांबद्दल ख्रिस्ती नसलेल्या माणसालाही अनुभवाने आणि बुद्धीने पुष्कळ कळतं. अशा माणसासमोर शास्त्राचा हवाला देऊन चुकीचं बोलणारा ख्रिस्ती शास्त्राचीच अब्रू घालवतो. चर्चला पुढे जेव्हा जेव्हा माघार घ्यावी लागली, तेव्हा बहुतेक वेळा याच जुन्या वाक्यांचा आधार घेऊन ती घेतली गेली.

एक उदाहरण थेट सोलापूर जिल्ह्याशी जोडता येतं. २२ जानेवारी १८९८ ला खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा करमाळा तालुक्यातल्या जेऊरवरून गेला. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे कावसजी दादाभाई नायगमवाला तिथे उपकरणं घेऊन उतरले होते. अमेरिकेच्या लिक वेधशाळेचं पथकही तिथेच होतं. खग्रास स्थिती टिकली जेमतेम दोन मिनिटं. आता शुभवर्तमानांत असं लिहिलंय की येशूला क्रुसावर दिलं तेव्हा दुपारी बारापासून तीनपर्यंत अंधार पडला. ते ग्रहण होतं का? तिसऱ्या शतकातल्या ज्युलियस आफ्रिकानस या ख्रिस्ती लेखकानेच सांगितलं की असू शकत नाही. येशूला क्रुसावर दिलं ते ज्यूंच्या वल्हांडण सणाच्या वेळी. हा सण पौर्णिमेला येतो आणि सूर्यग्रहण होतं अमावस्येला. शिवाय एका जागी खग्रास स्थिती फार तर साडेसात मिनिटं राहते, तीन तास नव्हे. आफ्रिकानसने अंधार नाकारला नाही, तो देवाचा चमत्कार मानला. पण त्यावर ग्रहणाची मोहोर उमटवू दिली नाही. ग्रहणाचं गणित त्याने ग्रहणापुरतं मानलं. आमच्या मते ही शिस्त आजच्या पुष्कळ प्रवचनांत हरवलेली दिसते.

मग गॅलिलिओचं काय बिनसलं? कोपर्निकस स्वतः एका कॅथेड्रलचा कॅनन, म्हणजे चर्चचाच पदाधिकारी. पृथ्वी सूर्याभोवती फिरते असं मांडणारा त्याचा ग्रंथ १५४३ मध्ये पोप तिसरे पॉल यांना अर्पण होऊन निघाला आणि पुढची सत्तर वर्षं त्याला हात लागला नाही. दरम्यान प्रॉटेस्टंट फुटले होते. बायबलचा अर्थ ज्याने त्याने लावायचा की चर्चने, हाच त्या काळचा सर्वांत तापलेला वाद होता. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या परिषदेने १५४६ मध्ये नियम घातला की, आद्य धर्मपित्यांनी एकमताने लावलेल्या अर्थाविरुद्ध कुणी अर्थ लावू नये. बायबलमधल्या यहोशवाच्या पुस्तकात सूर्य थांबल्याचं लिहिलंय. तिथे सूर्य खरंच थांबला असं सगळ्या जुन्या भाष्यकारांनी धरलं होतं. अशा वेळी गॅलिलिओने पत्रं लिहून त्या वचनाचा अर्थ कसा लावावा हे सांगायला सुरुवात केली. गाठ दुहेरी झाली, अर्थाचीही आणि अधिकाराचीही.

कार्डिनल बेलार्मिन यांचं १२ एप्रिल १६१५ चं पत्र या सगळ्या प्रकरणाची किल्ली आहे. त्यांचं म्हणणं असं: पृथ्वी फिरते याचा खरोखर पुरावा असेल, तर वचनांचा अर्थ फार जपून लावावा लागेल, आणि सिद्ध झालेली गोष्ट खोटी म्हणण्यापेक्षा वचन आपल्याला नीट कळलं नाही असं म्हणणं बरं, पण तसा पुरावा मला कुणी दाखवलेला नाही. तत्त्व ऑगस्टीनचंच होतं. अडचण अशी, की पुरावा तेव्हा खरंच अपुरा होता. शुक्राच्या कला दिसल्याने, सगळं पृथ्वीभोवती फिरतं ही टॉलेमीची जुनी रचना मोडली. पण ग्रह सूर्याभोवती आणि सूर्य पृथ्वीभोवती फिरतो, ही टायको ब्राहेची रचना त्याने मोडत नव्हती. गॅलिलिओचा लाडका पुरावा भरती-ओहोटीचा होता आणि तो चुकीचा होता. खरा पुरावा म्हणजे ताऱ्यांचं लंबन. हाताचा अंगठा समोर धरून एकदा डावा आणि एकदा उजवा डोळा मिटला की अंगठा मागच्या भिंतीवर सरकल्यासारखा दिसतो. तसाच जवळचा तारा सहा महिन्यांच्या अंतराने किंचित सरकलेला दिसायला हवा. तो सरकताना मोजला बेसेलने, १८३८ मध्ये. हंस तारकासमूहातल्या त्या ताऱ्याचं लंबन भरलं एका अंशाच्या ३६०० व्या भागाचाही जेमतेम तिसरा हिस्सा.

तरीसुद्धा चर्चचा दोष यामुळे कमी होत नाही. पुरावा अपुरा असेल तर थांबायचं असतं. इथे १६१६ मध्ये कोपर्निकसचा ग्रंथ ‘दुरुस्तीपर्यंत’ स्थगित केला गेला आणि १६३३ मध्ये सत्तरीला टेकलेल्या माणसाला गुडघ्यांवर बसवून मत मागे घ्यायला लावलं. १६४२ मध्ये तो मेला, तो नजरकैदेतच. दुरुस्त्या कोणत्या होत्या, हेही पाहण्यासारखं आहे. १६२० च्या यादीत दहाएक ठिकाणं होती. जिथे ‘पृथ्वी फिरते’ असं ठाम विधान होतं, तिथे ते केवळ गणिताच्या सोयीचं गृहीतक करायचं होतं. आकडेमोडीला कुणी हात लावला नाही, कारण ती हवी होती. शिक्षेला बावीस वर्षं होतात न होतात तोच, १६५५ मध्ये, पोपच्याच राज्यातल्या बोलोन्या शहरात सॅन पेट्रोनिओ चर्चच्या फरशीवर कॅसिनीने सुमारे ६७ मीटर लांबीची मध्यान्हरेषा आखली. छतातल्या भोकातून पडणारा सूर्याचा कवडसा तिच्यावर मोजून ईस्टरचं गणित तपासायचं होतं. त्याच मोजमापांतून, कक्षा लंबवर्तुळाकार मानणाऱ्या केप्लरच्या बाजूचा पुरावा निघाला आणि कुणी ते थांबवलं नाही.

माघार कशी घेतली जाते, ते १८२० च्या प्रकरणात स्वच्छ दिसतं. रोममधले खगोलशास्त्राचे प्राध्यापक ज्युसेप्पे सेत्तेले यांच्या पाठ्यपुस्तकात पृथ्वी फिरते असं सरळ लिहिलेलं होतं. छपाईची परवानगी देणाऱ्या अधिकाऱ्याने ती नाकारली. वर दाद मागितली गेली. रोमच्या धर्मन्यायसभेतले (इन्क्विझिशन) ऑलिव्हिएरी यांनी वाट काढली ती अशी: १६१६ मध्ये निषेध झाला तो त्या काळच्या, यांत्रिक अडचणींनी भरलेल्या रूपाचा, आजच्या खगोलशास्त्राचं रूप वेगळं आहे, म्हणून त्याला तो निषेध लागत नाही. परवानगी मिळाली. १८२२ मध्ये ती सर्वांसाठी खुली झाली आणि १८३५ च्या निषिद्ध ग्रंथांच्या यादीतून कोपर्निकस आणि गॅलिलिओ गळाले. ‘आमचं चुकलं’ हे शब्द मात्र तेव्हा उच्चारले गेले नाहीत. त्याकाळच्या धर्मशास्त्र्यांपेक्षा वचनाचा अर्थ लावण्यात गॅलिलिओच अधिक जाणता होता, हे पोप दुसरे जॉन पॉल यांनी ३१ ऑक्टोबर १९९२ ला म्हटलं.

घंटा, पेला आणि भाकर

आचाराच्या गाठी कशा सुटतात, ते पाहायला वीज हे चांगलं उदाहरण आहे. वादळ आलं की चर्चच्या घंटा वाजवायची युरोपात जुनी रीत होती. वीज मोडते अशा अर्थाची अक्षरं घंटांवर कोरलेली असत. उंच मनोरा, धातूची घंटा आणि ओल्या दोराला धरून उभा माणूस. १७८४ मध्ये म्युनिकला छापलेल्या एका पुस्तकात ३३ वर्षांत ३८६ मनोऱ्यांवर वीज पडून १०३ घंटावाले मेल्याची नोंद आहे. फ्रँकलिनचा तडितरक्षक १७५२ पासून माहीत झाला. काही पाळकांनी कुरकुर केली, पण कोणतंच वचन त्याच्या आड येत नव्हतं. म्हणून तो दोन-तीन पिढ्यांत चर्चच्या मनोऱ्यांवर चढला.

इथल्या चर्चच्या मंडळ्यांसाठी एक व्यवहाराची गोष्ट. सोलापुरात विजा जास्त कडाडतात त्या वळवाच्या पावसात, एप्रिल-मेमध्ये, आणि नेमकी तेव्हाच जमीन सर्वांत कोरडी असते. काळ्या मातीला भेगा पडून अर्थिंगच्या पट्टीचा आणि मातीचा संबंध सुटतो. वर अरेस्टर चकाकत असतो, पण विजेला जमिनीत उतरायला वाट नसते. अर्थिंगचा रोध १० ओहमच्या आत हवा. तो मार्चअखेर इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्यावा, खड्ड्यात पाणी घालावं, आणि तांब्याची पट्टी मध्येच तुटलेली किंवा चोरीला गेलेली नाही ना, ते शिडी लावून पाहावं.

प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीतल्या, पेल्याची गोष्टही अशीच. रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये क्षयाचा जंतू दाखवला. एकाच पेल्याला सगळ्या मंडळीने ओठ लावायचे, याची धास्ती अमेरिकेतल्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांना वाटू लागली आणि १८९० च्या दशकात छोटे स्वतंत्र पेले आले. एका ट्रेमध्ये चाळीस पेले बसतील अशी रचना आज सर्रास दिसते. विरोध झाला तो एक पेला म्हणजे एक शरीर, या अर्थासाठी, आणि तो विरोध पोकळ नव्हता. तोडगा असा निघाला की, आशीर्वाद एकत्र आणि पेले वेगळे. कॅथलिक चर्चची वाट आधीपासूनच वेगळी होती, मध्ययुगापासून बहुतेक ठिकाणी लोकांना फक्त भाकर द्यायची.

पेल्यातल्या रसामागेही पाश्चर उभा आहे. न्यू जर्सीतले दंतवैद्य थॉमस वेल्च मेथडिस्ट होते आणि दारूच्या विरोधात होते. १८६९ मध्ये त्यांनी द्राक्षरसाच्या बंद बाटल्या उकळत्या पाण्यात ठेवून यीस्ट मारलं. रस आंबला नाही, आणि बिनदारूचं प्रभुभोजन शक्य झालं. मनुका भिजवून, उकळून, गाळून रस करणाऱ्या मंडळ्यांनी हेच लक्षात ठेवावं. उकळलेला रस उघड्या पातेल्यात ठेवला तर हवेतलं यीस्ट पुन्हा शिरतं आणि सोलापूरच्या मे महिन्यात तो एका दिवसात फसफसू लागतो. बाटली आधी उकळून घ्यावी, रस गरम असतानाच भरावा, आणि रविवारी उघडलेली बाटली पुढच्या रविवारी वापरू नये.

भाकरीचं प्रकरण याहून नाजूक आहे, कारण तिथे आचार आणि शिकवण एकमेकांत गुंतलेली आहेत. कॅथलिक नियमाप्रमाणे मिस्साची, म्हणजे त्यांच्या प्रभुभोजनाच्या उपासनेची, भाकर फक्त गव्हाची लागते. डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी १९४० च्या दशकात दाखवलं की सीलियाक आजाराच्या मुलांना गहूच बाधतो. कारण आहे गव्हातलं ग्लुटेन हे प्रथिन. सीलियाक असलेल्या माणसाच्या आतड्याचं अस्तर त्याने खराब होतं. मग अशा भाविकाने काय करायचं? व्हॅटिकनने २००३ च्या पत्रात उत्तर दिलं: ग्लुटेन पूर्ण काढलेली भाकर चालणार नाही, पण भाकर म्हणून बांधली जाईल इतपतच ग्लुटेन असलेली, गव्हाचीच भाकर चालेल. ज्याला तीही चालत नाही त्याने फक्त द्राक्षारस घ्यावा. २०१७ च्या पत्रात जनुकीय बदल केलेल्या गव्हाचाही प्रश्न सोडवला, तोही चालतो. नियम मोडला नाही, पण वैद्यकाला हवी तेवढी जागा करून दिली.

प्रत्यक्षात चूक होते ती वेगळ्याच ठिकाणी. कमी ग्लुटेनची भाकर नेहमीच्या भाकरींच्या पात्रात ठेवली की चुरा लागून सगळं फुकट जातं. फादर आधी शंभर जणांना साधी भाकर देतात आणि त्याच बोटांनी ही उचलतात. शिवाय मिस्सात भाकरीचा एक तुकडा मुख्य पेल्यात टाकला जातो, म्हणजे तो रसही सीलियाकच्या रुग्णाला सुरक्षित राहत नाही. म्हणून वेगळी झाकणाची डबी, वेगळा पेला आणि रांगेत पहिला नंबर, या तीन गोष्टी मिस्सा सुरू होण्याआधी सांगून ठेवाव्या लागतात.

माणूस कुठून आला

महाराष्ट्र बोर्डाच्या दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा पहिलाच पाठ. चर्चला जाणारं मूल शनिवारी तो वाचतं आणि रविवारी ‘उत्पत्ती’चा पहिला अध्याय ऐकतं. आनुवंशिकतेचे नियम ज्याने वाटाण्यांवर शोधले, तो ग्रेगर मेंडेल ऑगस्टिनियन मठातला साधू होता आणि पुढे त्या मठाचा प्रमुख झाला, हे त्या मुलाला बहुधा कुणी सांगत नाही.

पृथ्वीच्या वयाचा प्रश्न डार्विनच्या आधीच सुटत आला होता, आणि तो सोडवणाऱ्यांत पाळकच पुढे होते. आर्चबिशप अशर यांनी १६५० मध्ये बायबलमधल्या वंशावळ्यांची बेरीज करून सृष्टीचा आरंभ इ. स. पूर्व ४००४ मध्ये बसवला. एकोणिसाव्या शतकात बकलंड आणि सेजविक या भूशास्त्रज्ञ पाळकांनी खडकांचे थर पाहून महापुराने हे थर बनले नाहीत, असं मान्य केलं. सोलापूर ज्या काळ्या दगडावर उभं आहे तो बेसाल्ट सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांचा आहे. त्यातल्या किरणोत्सारी पोटॅशियमच्या एका भागाचा अगदी ठरलेल्या गतीने आर्गॉन होतो, त्यावरून हे वय काढतात. मग ‘सहा दिवस’ म्हणजे काय? कुणी म्हणालं दिवस म्हणजे युग, कुणी म्हणालं पहिल्या दोन वचनांमध्ये अफाट काळ लोटला, कुणी म्हणालं तो अध्याय स्तोत्रासारखा वाचायचा, नोंदवहीसारखा नाही. जुन्या चर्चमध्ये आज बहुतेक अभ्यासक तिसऱ्या मताचे आहेत.

डार्विनचा ग्रंथ १८५९ चा. इंग्लंडच्या चर्चने आरडाओरडाही केला आणि पचवलंही लवकर. १८८२ मध्ये डार्विनला वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये पुरलं. उत्क्रांती मान्य करून व्याख्यानं देणारे फ्रेडरिक टेम्पल १८९६ मध्ये कँटरबरीचे आर्चबिशप झाले. कॅथलिक चर्च सावकाश चाललं. पोप बारावे पायस यांनी १९५० च्या परिपत्रकात माणसाचं शरीर आधीच्या जिवांपासून आलं का, हा अभ्यासाला खुला प्रश्न ठरवला, आत्मा मात्र देवच निर्माण करतो असं सांगितलं. १९९६ मध्ये दुसरे जॉन पॉल म्हणाले की उत्क्रांती आता निव्वळ गृहीतक राहिलेली नाही. पण एक गाठ सुटलेली नाही. सगळी माणसं एकाच जोडप्यापासून आली नसतील, तर मूळ पापाची, म्हणजे पहिल्या जोडप्याचं पाप सगळ्या माणसांत उतरलं ही, शिकवण कशी बसवायची, हे पायस यांना दिसत नव्हतं. जनुकशास्त्र सांगतं की आपल्या पूर्वजांची संख्या कधी दोनवर आलेली दिसत नाही, ती हजारांत होती. यावर धर्मशास्त्री निबंध लिहितात, ठाम निर्णय झालेला नाही, आणि तसं प्रामाणिकपणे सांगणं बरं.

सहा दिवस म्हणजे चोवीस तासांचेच आणि पृथ्वी काही हजार वर्षांची, ही ठाम भूमिका पुष्कळांना फार प्राचीन वाटते. आजच्या रूपात ती विसाव्या शतकातली, मुख्यतः अमेरिकेतली आहे आणि तिथून पुस्तकं, व्हिडिओ आणि फिरते प्रचारक यांच्यामार्फत आपल्याकडच्या स्वतंत्र मंडळ्यांत आली. आर्कान्सा राज्याने ती शाळेत शिकवायचा कायदा केला, तेव्हा त्याविरुद्ध कोर्टात गेलेल्यांत मेथडिस्ट, एपिस्कोपल आणि कॅथलिक बिशप होते. पहिलं नाव मॅक्लेन या मेथडिस्ट पाळकाचं होतं. १९८२ मध्ये ते जिंकले. म्हणजे भांडण चर्चच्या आतलंच होतं.

उलट दिशेनेही घसरता येतं. विश्व एका बिंदूतून प्रसरण पावलं, हे मांडणारा जॉर्ज लमेत्र बेल्जियन कॅथलिक धर्मगुरू होता. १९५१ मध्ये पोपनी भाषणात या सिद्धांताला निर्मितीच्या पुराव्यासारखं धरलं, तेव्हा लमेत्रच अस्वस्थ झाला. सिद्धांत उद्या बदलला तर काय? पुढच्या वर्षीच्या भाषणात पोपनी तो सूर टाळला.

लशीचा हिशेब

नव्या वैद्यकात चर्च निर्णयापर्यंत कसं पोचतं, ते कोरोनाच्या लशीवरून नीट कळतं. पुण्यात बनलेली कोविशील्ड तयार व्हायची एचईके-२९३ नावाच्या पेशींमध्ये. त्या पेशींचं मूळ १९७० च्या दशकातल्या एका गर्भाच्या मूत्रपिंडात आहे, आणि गर्भपात कॅथलिक शिकवणीत गंभीर पाप. कोव्हॅक्सिनचा विषाणू वाढवला माकडाच्या मूत्रपिंडापासून आलेल्या व्हेरो पेशींत. तिथे हा प्रश्नच नव्हता. २१ डिसेंबर २०२० च्या व्हॅटिकनच्या टिपणाने उत्तर पायरीपायरीने दिलं. लस घेणाऱ्याचा त्या जुन्या कृत्याशी संबंध आहे का? आहे, पण फार दूरचा. त्याने त्या कृत्याला संमती दिली असं होतं का? नाही. साथ गंभीर आहे का? आहे. दुसरी लस निवडता येते का? येत असेल तर ती घ्यावी. येत नसेल तर ही घेणं नैतिकदृष्ट्या मान्य. लस घेणं ऐच्छिक असावं, पण न घेणाऱ्याने इतरांना लागण होणार नाही याची काळजी घ्यावी, आणि कंपन्यांकडे निर्दोष पेशींची मागणी चालू ठेवावी. लसीकरण केंद्रावर बहुधा निवड नसायची, जी आली ती टोचायची. म्हणून चौथ्या पायरीचा दुसरा भाग इथे प्रत्यक्ष लागू पडला.

सोलापुरात एखाद्या प्रश्नावर आपल्या चर्चची भूमिका काय, ते शोधायचं असेल तर आधी ते चर्च कोणत्या रचनेतलं आहे हे पाहा. इथली कॅथलिक चर्चेस पुणे धर्मप्रांतात येतात. तिथे कागदाची प्रत महत्त्वाची. परिषदेचा दस्तऐवज, पोपचं परिपत्रक, खात्याचं टिपण आणि नुसतं भाषण यांचं वजन उतरत्या क्रमाने असतं, आणि व्हॉट्सॲपवर फिरतं ते बहुधा भाषणातलं अर्धं वाक्य. अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेतल्या मंडळ्यांची वाट पुढे युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया आणि १९७० नंतर चर्च ऑफ नॉर्थ इंडिया अशी गेली. तिथे सिनॉड (सर्वांत वरची सभा), धर्मप्रांत आणि पास्टरेट कमिटी (स्थानिक मंडळीची समिती) अशा पायऱ्या आहेत, आणि विज्ञानाच्या पुष्कळ प्रश्नांवर मत बांधायचं स्वातंत्र्य सभासदाला आहे. स्वतंत्र मंडळीत बहुधा पाळकांचा शब्द तोच निर्णय. तो पटकन होतो, पण चुकला तर दाद मागायला सेत्तेलेसारखी वरची पायरी नसते. आजारात औषध बंद करायला कुणी सांगत असेल, तर ही पायरी नसणं जिवावर बेततं. औषध चालू ठेवून प्रार्थना करावी. बंद करायचा निर्णय डॉक्टरांचाच.

संडे स्कूल घेणाऱ्यांना दहावीच्या मुलांपुढे हा विषय काढायचा असेल, तर आधी पाठ्यपुस्तकात काय आहे ते मुलांकडूनच नीट, मोडतोड न करता सांगून घ्यावं. मग ‘उत्पत्ती’चा पहिला आणि दुसरा अध्याय शेजारी शेजारी ठेवून वाचावे. पहिल्यात वनस्पती, प्राणी आणि शेवटी माणूस असा क्रम आहे. दुसऱ्यात माणूस आधी येतो. पहिल्या अध्यायात सूर्य चौथ्या दिवशी येतो, पण संध्याकाळ आणि सकाळ पहिल्या दिवसापासून होते. सूर्याशिवाय सकाळ कशी झाली, हे तिसऱ्या शतकात ओरिजेन या ख्रिस्ती भाष्यकाराने विचारलं होतं. वर्ग मोकळा असेल तर मुलंही ते पाच मिनिटांत विचारतात.